माझा डबा खानावळीत जायचा

आमच्या घरात एक वाक्य माझ्या नावावर चालतं: बाहेरचं खाणं म्हणजे पैशाची नासाडी. लग्नाकार्यात पाहुणे भेटले की मला बघून कुणी तरी ते म्हणतंच, आणि सगळे हसतात. माझ्या मुलाने तर ते लहानपणापासून इतकं ऐकलं, की आता तो माझ्यापेक्षा ठामपणे म्हणतो. लोकांना वाटतं, हा माणूस काटकसरीचा, तत्त्वाचा. मीही तसंच वाटू दिलं. खरी गोष्ट वेगळी आहे. कंपनीत होतो तोवर मी बहुतेक रोज बाहेरच जेवलो.

गेल्या वर्षी हे बायकोला सांगणं भाग पडलं. आता लिहूनही ठेवतो, कारण तोंडी सांगताना दर खेपेला माझी बाजू थोडी थोडी सुधारत चालली आहे, हे माझ्याच लक्षात आलं.

आम्ही माहीमचे. पालघरचं माहीम, केळव्याशेजारचं. घरची बोट होती, वडील आणि थोरला भाऊ समुद्रावर जायचे. मीही गेलो असतो, पण मला बोट लागायची. मच्छीमाराच्या मुलाला बोट लागते, ही गोष्ट गावाला हसायला बरेच दिवस पुरली. लिंबू चाटून पाहिलं, उपाशीपोटी जाऊन पाहिलं, पण किनारा लांब गेला की मी कठड्यावर ओणवा. शेवटी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली. निघालो त्या दिवशी बंदरावर एकाने विचारलं, "चाललास कंपनीत? बरं हाय. तिकडं गवत खायाला मिलतं म्हणे."

सगळे हसले. मी तावातावाने म्हणालो, "कुठंही गेलो तरी आमी मासळीच खाणार!"

एवढं बोललो नसतो तर पुढचं बरंच टळलं असतं.

कारखान्याचे शेठ शाकाहारी होते. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये मी डबा उघडला. लग्न नवीन होतं, बायकोने हौसेने ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या. झाकण निघालं आणि शेजारचे दोघे उठून पलीकडच्या बाकावर गेले. सुपरवायझर आला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने हात जोडले. "भाऊ, इथे नाही. शेठना चालत नाही. बोर्ड वाचला नाहीस का?" बोर्ड माझ्या डोक्यावरच होता.

कुणीही म्हणेल, मग घरी सांगायचं, उद्यापासून भाजी दे. पण आमच्याकडे श्रावण सोडला तर भाजीचा डबा आजारी माणसाला जातो, नाही तर सुतकातल्या माणसाला. आणि बंदरावरची बढाई ताजी होती. मी गप्प राहिलो. दुपारची सुट्टी झाली की गेटाबाहेर जायचं, गटाराच्या कडेने जरा चालायचं आणि कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून जेवायचं, असं सुरू झालं.

त्याच भिंतीला टेकून एक खानावळ होती. पत्र्याची शेड, लाकडी बाकं, बाहेर हात धुवायला पिंप. चालवणारी बाई सफाळ्याच्या आतल्या एका गावातली. नवरा गावी भातशेती बघायचा, ही इथे शिफ्टच्या कामगारांना वरण-भात, वालाची उसळ, बटाट्याची भाजी वाढायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. एक दिवस ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"काय रं, भित्तीला नैवेद्य दाखवतोस काय रोज?"

मी डबा झाकू लागलो. तिने तो हातातून घेतला, बोटाने रस्सा चाखला आणि पुन्हा एकदा बोट बुडवलं. मग म्हणाली, "कोणी केलं?"

"बायकोने."

"आत ये. माझं ताट घे. हे मला ठेव."

असा आमचा व्यवहार ठरला. मावशीच्या हाताला वरण साधायचं, मासळी साधत नसे. समुद्राच्या मासळीची तिला सवयच नव्हती. पहिले काही दिवस माझा डबा तिने स्वतः खाल्ला. मग एका ओडिशाच्या वेल्डरला वाटीभर दिला. तो समुद्रकाठचाच. त्याने वाटी बोटाने पुसून काढली आणि दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन आला. त्यानंतर मी दारात दिसलो की बाकांवरून आवाज यायचा, "मौसी, आज माहीमवाली है क्या?" माझ्या बायकोच्या कालवणाचं नाव तिकडे 'माहीमवाली' पडलं. सुक्या जवळ्याची चटणी असली तर चमचा चमचा वाढली जायची, आणि उशिरा येणाऱ्याला रिकामी वाटी दाखवली जायची. मावशी त्याचे पैसे घ्यायची आणि मला गरम वरण-भात फुकट मिळायचा. मला तो सौदा उत्तम वाटला.

मग मावशी म्हणाली, थोडं जास्त आणत जा. मी घरी सांगितलं, काम जड आहे, डबा पुरत नाही. बायको एवढी खूश झाली की दुसऱ्याच आठवड्यात तिने पालघरहून चार पुडांचा डबा आणला. ती पहाटे आणखी लवकर उठू लागली. शेजारणींना सांगायची, "लई जेवतात आता." पण मी होतो तसाच, काठीसारखा. एवढं खाऊन अंगाला लागत नाही म्हटल्यावर आईने निदान केलं: पोटात जंत. दर रविवारी सकाळी मला वावडिंगाचा काढा मिळू लागला. समोर आई, बाजूला बायको, आणि मी नाक दाबून तो पितोय. जंत नव्हतेच, ते बोईसरला बाकावर बसून जेवत होते. (हा विनोद मला अलीकडे सुचला. तेव्हा हसू येत नव्हतं.)

आमच्या घरी श्रावण पाळतात. तेवढा महिना डब्यात भाजी असायची, आणि मी कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर उघड्यावर जेवायचो. वर्षातून श्रावण तेवढा मी प्रामाणिक होतो. मावशीच्या गिऱ्हाइकांना मात्र तो महिना लांबलचक वाटायचा.

आता त्या वाक्याचं. मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमारास आम्ही तिघं बोईसरला खरेदीला गेलो होतो. स्टेशनजवळ एका हॉटेलात दारातच मोठ्या तव्यावर डोसे चालले होते. बायको थांबली. डोसा तिने कधी खाल्ला नव्हता. म्हणाली, "एक घेऊ? तिगांत एक." माझ्या खिशात पैसे होते. पण आत काउंटरजवळ आमच्याच खानावळीतले दोन कामगार उभे होते. त्यांनी मला पाहिलं असतं तर हाक आलीच असती, माहीमवाली कुठे म्हणून. मी घाबरलो आणि तोंडाला येईल ते बोललो: "बाहेरचं खाणं म्हणजे पैशाची नासाडी." बायकोने मुलाचा हात धरला. "खरंच की," ती म्हणाली, "घरीच करू." आणि खरंच तिने तांदूळ-उडीद भिजवून घरच्या तव्यावर डोसे केले. पहिले तीन तव्यालाच चिकटले. चौथा तिने माझ्या ताटात वाढला.

भीतीपोटी निघालेलं वाक्य होतं ते. पण एकदा बोलल्यावर ते सोयीचं वाटू लागलं. कुठल्याही हॉटेलासमोर, कुठल्याही जत्रेत चालायचं. त्याने माझी अब्रूही वाढवली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. एका दिवाळीला मावशीने माझ्या हातात कागदात गुंडाळलेली साडी दिली. हिरवी, बारीक काठाची. "घरवालीला दे. तिच्या हातानं माझी खानावळ चालते, तिला सांग." मी घरी साडी दिली आणि म्हणालो, तुझ्यासाठी घेतली. न मागता मी बायकोसाठी काही आणण्याची ती पहिलीच वेळ. तिने ती साडी किती सणांना नेसली! नेसली की मला दाखवायला उभी राहायची. मी 'छान दिसते' म्हणायचो आणि बाहेर ओटीवर जाऊन बसायचो.

मी निवृत्त झालो. रस्ता रुंद झाला, त्यात खानावळीची शेड गेली आणि मावशी गावी परतली. मला वाटलं, विषय आपोआप संपला.

गेल्या वर्षी माझ्या सुनेची बोईसरची नोकरी गेली. कंत्राटावर होती, कंत्राट संपलं. चार दिवस घरी बसली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "शनिवार-रविवार केळव्याच्या किनाऱ्यावर एवढे लोक येतात. आपल्या अंगणात चार टेबलं टाकू. मासळीचं घरगुती जेवण. आईंनी स्वयंपाक करायचा, बाकी सगळं मी बघते."

मुलगा लगेच म्हणाला, "बाबा आयुष्यभर सांगत आले, बाहेरचं खाणं म्हणजे नासाडी. आणि आता आपणच दुकान मांडायचं?"

"बाबांना खायला नाही सांगत मी," सून म्हणाली. "रांधायचंय आपल्याला."

बायको मान हलवत होती. "नाय गं बाय. घरच्यांनी खाल्लं, गोड मानलं, ते येगलं. परका माणूस पैसे टाकून माझ्या हातचं कशाला खाईल? मला कुठं हाटेलातलं येतंय?"

सून माझ्याकडे बघत होती. सासूशिवाय तिचं काही चालणार नव्हतं, आणि सासूला स्वतःच्या हाताची किंमत ठाऊक नव्हती. ती एकट्या मला ठाऊक होती. मी पाणी प्यायलो आणि उठून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको अंगणात सुक्या बोंबलांची डोकी कात्रीने कापत बसली होती. मी समोर बसलो.

"तुझ्या हातचं लोकांनी पैसे देऊन खाल्लंय."

"कुठं? सपनात?"

"बोईसरला."

मी सगळं सांगितलं. ती कात्री न थांबवता ऐकत होती.

"बाई व्हती ती?"

"हो."

"नवरा व्हता तिला?"

"होता. गावी, शेतीवर."

"बरं. पुडं."

काढ्यापर्यंत आलो तेव्हा ती एवढी हसली की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. मग एकदम थांबली. "मी पाटे उठायची," ती म्हणाली. एवढंच. मी 'हो' म्हणालो.

साडीचं मी गाळणार होतो. तिनेच विचारलं, "ती हिरवी?"

"तिनेच दिलेली. तुझ्यासाठी."

बरेच बोंबील कापून झाले. मग ती म्हणाली, "तरीच रंग बरा व्हता. तुमाला कुठं रंग कलतोय."

मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी मात्र ती सुनेला म्हणाली, "तुझ्या सासऱ्यानं आज गोष्ट सांगितली. तुझी खानावल व्हावी म्हणून रचली असेल. लोक म्हणे वाटी पुसून खायचे! एवढी वर्सं खोटं बोलला माणूस, आता मला बरं वाटावं म्हणून आणखी एक."

तिची तऱ्हा अशी, की त्यातलं जे वाईट होतं ते तिने सगळं खरं मानलं. चांगलं तेवढं मानलं नाही. आणि मला बोलायला तोंड नव्हतं. खोटं बोलून जगलेल्या माणसाने केलेली स्तुती कोण खरी मानणार?

सून हुशार. ती म्हणाली, "आई, त्या मावशी आहेत ना अजून? त्यांनाच विचारा."

म्हणून आम्ही दोघं सफाळ्याला गेलो. स्टेशनबाहेरच्या वाण्याकडे चौकशी केली, रिक्षा केली, आणि भाताच्या खाचरांमधून गेलेल्या रस्त्याच्या टोकाला मावशीचं घर सापडलं. मावशी खूप म्हातारी झाली होती, पण पाठ ताठ. मला तिने ओळखलं नाही. बायकोने हातातला तोच चार पुडांचा डबा पुढे केला तेव्हा ती डब्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बाय, तू माहीमवाली काय?"

बायको खालीच बसली.

"किती वर्सं वाट बघितली तुझी!" मावशी म्हणाली. "मी याला दर दिवाळीला सांगायची, एकदा घेऊन ये तिला. हा म्हणायचा, तिला वेळ नाय, ती तिकडून पाठवते ना. मी म्हटलं, आसंल बाय मानी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मावशीला मी भासवलं होतं की बायको सगळं जाणून डबा पाठवते. म्हणजे मी दोघींना फसवत होतो.

"मला ठावंच नव्हतं, मावशी," बायको म्हणाली. "मी यांच्यासाठी करायची."

"आँ? आणि साडी? मी विचारलं, आवडली काय? हा म्हणतो, लई आवडली, तुमची आठवण काढते!"

"आवडली व्हती. ते खोटं नाय बोलले."

मग दोघी माझ्याकडे वळल्या. काय काय बोलल्या ते सगळं लिहीत नाही. 'बोट लागणारा' इथपर्यंत पोचल्या, एवढं सांगतो. मावशीचा मुलगा शेतावरून आला, त्याला माझी दया आली असावी, त्याने मला पाणी आणून दिलं.

नंतर बायकोने विचारायला सुरुवात केली. लोक परत मागायचे का? कोण कोण? ओडिशावाल्याला जवळा आवडायचा की बोंबील? कुणी नावं ठेवली का? मावशीने सांगितलं, एकाने ठेवली होती, तिखट कमी म्हणून. "नाय, यांना तिखट चालत नाय ना," बायको कळवळून म्हणाली, "म्हणून मी हात आखडायची!" त्या एका गिऱ्हाइकाचं तिला फार वाईट वाटलं. तो उत्तरेकडचा होता आणि केव्हाच गावी निघून गेला, असं मावशीने समजावलं तरी वाटत राहिलं.

जेवायला मावशीने थांबवून घेतलं. आपल्या सुनेच्या हातचं नको म्हणून स्वतः चुलीशी बसली. बायको पाटावर, मी तिच्या शेजारी. वरण-भात, वालाची उसळ. बायकोने वरणाचा घास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे खात व्हतात काय तुमी?"

"हो."

तिने आणखी भात मागून घेतला. "बरं हाय," ती मावशीला म्हणाली. "जिरं कदी घालता?"

परतताना रिक्षात ती डबा मांडीवर धरून बसली होती. सफाळं आलं तेव्हा म्हणाली, "सुनेला सांगा, टेबलं आणायला. पण वरण असंच करायचं. आणि तिखटाचं मी बघीन."

हॉटेलातलं खाणं म्हणजे नासाडी की नाही, यावर मुलाशी माझं नंतर बोलणं झालं. त्याला सगळं कळल्यावर तो थोडा दुखावला. "पालघरला कॉलेजात सगळी मुलं मिसळ खायला जायची," तो म्हणाला. "मी लायब्ररीत बसायचो. तुमच्यामुळे." मी म्हटलं, म्हणून तर पास झालास. तो हसला, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ती मिसळ अजून त्याच्या मनात आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघं पालघरला जाऊन खाऊन आलो. तशी साधारणच होती. दुसरी प्लेट त्यानेच मागवली.

आता शनिवार-रविवारी आमच्या अंगणात टेबलं लागतात. सून पैसे आणि ऑर्डर बघते, मुलगा ताटं नेतो, मी पाणी देतो आणि दारातला बोर्ड धुतो. त्या बोर्डावर वर 'माहीमवाली' आणि खाली दर लिहायचे, हे सुनेने ठरवलं, त्यात माझं मत घेतलं नाही. बायको सुरुवातीला स्वयंपाकघरातच असायची. पडद्याच्या फटीतून बघायची, लोक कसे खातात. अनोळखी माणूस आपल्या हातचं खाताना तिने कधी पाहिलाच नव्हता. आता ती बाहेर येते, पळी घेऊनच.

परवा बोईसरचं एक म्हातारं जोडपं आलं होतं. माझ्याच वयाचा माणूस. ताट आलं, त्याने बोर्डावरची किंमत पुन्हा वाचली आणि आपल्या बायकोला हळूच म्हणाला, पण मी पाणी ओतत होतो म्हणून मला ऐकू आलं, "एवढ्यात घरी चार जणं जेवली असती."

माझी बायको दाराशी होती. तिलाही ऐकू गेलं.

"खरं हाय, दादा," ती म्हणाली. "पण मंग पाटे कोण उठलं असतं?"

तो गडबडला, ताटात बघू लागला. त्याची बायको मोठ्याने हसली, खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणाली, "आणखी एक भाकरी आणा. गरम असेल ती."